मोठ्या जावयाचा गिअर

कुरुळी
१४ मे २०२६

चि. रोहिदासराव यांस सोपानरावांचे अनेक आशीर्वाद.

पाव्हणं, पत्र बघून हसू नका. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आन् उरलेल्या निम्म्याचं उत्तर तुमच्या सासूबाई मधनंच देऊन टाकतात. कानाचं मशीन लावलं की नुसतं कुईऽ वाजतं. त्यापरीस हे बरं. तनुजा लोणचं न्यायला आलीय, तिच्याच पिशवीत घालतो.

रविवारपासून अधिक लागतोय. दोनी जावयांचं धोंड्याचं जेवण ३१ तारखेला ठरवलंय. रजा टाकायला लागली तर टाका, पण या. दिवाळीपासून तुमी कुरुळीचं तोंड पायलं न्हाई. कशाचा राग धरलाय ते तुमचं तुमाला ठाव.

दुसरं काम महत्त्वाचं हाय. जुनी गाडी आता थकली, नवी घ्यायची म्हणतोय. अधिकात गाडी घरी आणायची न्हाई, पण आत्ता बुक केली तर महिना सरल्याबरोबर मिळंल. मॉडेल ठरलंय. त्यात दोन तऱ्हा हायत. एक आपली नेहमीची, क्लच आन् गिअरचा दांडा. दुसरीला क्लचच न्हाई. स्टेअरिंगच्या मागं दोन बाजूंना दोन कान हायत. बोटानं उजवा ओढला की गिअर वर, डावा ओढला की खाली. काहीच न्हाई ओढलं तर गाडी आपली आपण गिअर बदलते. कुलदीपरावांनी मला ती बघायला नेलं होतं. त्यांचं मत कानवालीचं. मोनिकाचंबी तेच, नवऱ्याचं ते तिचं.

मी तीस वर्सं कंपनीची बस चालवली ती दांड्यावर. पण आता वय झालं, पाय काय पयल्यासारखं न्हाईत. ते जाऊ द्या.

तुमी गिअरबॉक्सच्याच लाइनवर. ह्यातलं तुमच्यापेक्षा जास्त आमच्या घरात कोणाला कळतंय? आन् मोठे जावई तुमी. तुमी सांगाल ती गाडी. मोकळ्या मनानं लिहा.

आपला,
सोपानराव


आकुर्डी
१८ मे

ती. स्व. मामांस रोहिदासचा साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा कुलदीपचं नाव दिसलं. तिसऱ्यांदा कळलं, की गाडी धाकट्या जावयाबरोबर जाऊन आधीच बघून झाली, आणि मग थोरल्याची आठवण झाली.

मी राग धरलेला नाही. फक्त एक आठवण करून देतो. दिवाळीत देहूला निघालो तेव्हा तुम्ही, मामी, मोनिका, आणि माझी स्वतःची बायकोसुद्धा, सगळे कुलदीपच्या गाडीत बसलात. त्याची गाडी गार, त्याची गाडी धक्के देत नाही, त्याच्या गाडीचं छत उघडतं. माझ्या गाडीत कोण? पाण्याचा जार, फराळाचे डबे आणि चपलांची पिशवी. देहूपर्यंत मी त्या जारशी गप्पा मारत गेलो, मामा.

असो. मत विचारलंत, देतो.

ते कान म्हणजे खेळणं आहे. कान ओढला म्हणजे तुम्ही गिअर टाकला असं नाही, तुम्ही गाडीला विनंती केली. तिला पटलं तर बदलेल, नाही पटलं तर नाही. दांड्याचं तसं नाही. तिथं माणूस मालक असतो. हे मला कुणी शिकवलं? मी औशाहून आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी तुमच्या बसमध्ये जागा नव्हती, तर तुम्ही मला तुमच्या शेजारच्या बॉनेटवर बसवलंत आणि म्हणालात, "पोरा, दांड्याला गुडघा लावू नको." दोन वर्षं मी तीच जागा धरली. मागं सीट रिकामी असली तरी बॉनेटवरच. नुसत्या आवाजावरून सांगायचो, आता तिसरा, आता चौथा. मग एका सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या पार्किंगमध्ये माझा हात त्या दांड्यावर ठेवून, वर तुमचा हात ठेवून, तुम्ही मला गिअर शिकवलात. त्याच्यानंतर तनुजा दिलीत. कुलदीपला तुम्ही काय शिकवलंत? तो वाकडचा, सगळं घरूनच शिकून आलेला.

तुम्ही म्हणता त्या मॉडेलमधल्या दांड्यावालीचा गिअरबॉक्स आमच्याच लाइनवरून जातो. शेवटच्या स्टेशनला मी असतो. डोळे मिटून एकेक गिअर हातानं टाकून बघतो. जरा अडखळला तर परत. पास झाला की झाकणाच्या बोल्टवर पिवळ्या पेनानं खूण करतो. आधी आमच्या तीन शिफ्ट चालायच्या, आता एकच चालते. जगाला कान पाहिजेत. जगाचं मी काही करू शकत नाही, पण माझ्याच सासऱ्याच्या दारात कानवाली उभी राहायची म्हणजे फारच झालं.

पायांचं म्हणाल तर ते कुलदीपनं तुमच्या डोक्यात भरवलंय. तीस वर्षं क्लच दाबलेला पाय असा थकत नसतो.

घ्यायची तर गिअरचीच घ्या. कानवाली घेतलीत तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही, आणि धोंड्यालाही येणार नाही. मोकळ्या मनानं लिहा म्हणालात, लिहिलं.

आपला,
रोहिदास


कुरुळी
२३ मे

चि. रोहिदासराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. मोठ्या जावयाचा शब्द, आन् तोबी अधिक महिन्यात. तो खाली पडू देणं आमच्या घराण्यात न्हाई. काल जाऊन गिअरची गाडी बुक केली. आता मन शांत करा.

चालवायचं म्हणाल तर कुलदीपराव सुट्टीच्या दिवशी येतो म्हणालेत. एरवी एखादा ड्रायव्हर बघू. मी आपला मागं बसंन. मागची सीट मऊ हाय, बसून बघितली.

३१ ला वेळेवर या. सासूबाईंनी पुरणाला डाळ निवडून ठेवलीय.

आपला,
सोपानराव


आकुर्डी
१ जून

ती. स्व. मामांस नमस्कार.

कालचं जेवण गोड लागलं नाही. मामींना वाईट वाटेल म्हणून दोन धोंडे संपवले, इतकंच.

मामा, मी आंधळा नाही. मी गिअर सुचवला, तुम्ही माझा शब्द ठेवलात, मला वाटलं चला, आपली काहीतरी किंमत आहे. आणि गाडी चालवणार कोण, तर कुलदीप! म्हणजे दांडा माझा आणि हात त्याचा. मी काय मेलो होतो? एका शब्दानं विचारलंत का, की रोहिदासराव, तुम्ही चालवाल का?

जेवणाआधी मी हात धुवायला मागच्या दारी आलो, तर तुम्ही दोघं पायरीवर बसून कुजबुजत होतात. मी दिसताच गप्प. उठताना त्यानं तुमच्या कोपराला हात दिला आणि तुम्ही घेतलात. माझा हात तुम्ही कधी घेतला नाहीत. मोनिका सांगत होती, फेब्रुवारीपासून दर रविवारी सकाळी तुम्ही दोघं कुठंतरी जाता. कुठं जाता? विचारलं तर म्हणे "कामाला". सासरा-जावयाचं दर रविवारी काय काम असतं? माझ्याबरोबर एकोणीस वर्षांत असं कुठलं काम निघालं नाही ते?

माझा जळफळाट होतोय, मी कबूल करतो. रात्री ग्रुपवर जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचलंच असेल. कुलदीपला "घरजावई होण्याची घाई झालीय" असं लिहिलं, ते मागं घेत नाही. ग्रुप सोडलाय आणि त्याचा नंबर बंद करून टाकलाय.

तेहतीस अनारशांचं वाण आणि तांब्याचं ताम्हण तनुजाच्या हाती परत पाठवतोय. ती रडतेय, पण मी ऐकणार नाही. दोन जावयांना सारखं ताम्हण देऊन मान सारखा होत नसतो. ते कुलदीपलाच द्या. त्याच्या गाडीत जागा भरपूर आहे.

रोहिदास


वाकड
४ जून

रोहिदासदादा,

फोन लागत नाही, मेसेज जात नाही. मोनिका म्हणाली, पत्र लिही. शाळेनंतर हे पहिलंच, त्यामुळं अक्षराला हसू नका. तनुजाताईंच्या हातात स्वतः आणून देतोय.

मामांनी मला देवाची शपथ घातलीय. ती आज मोडतो. नंतर त्यांनी काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.

फेब्रुवारीत मी कुरुळीला गेलो होतो. मामा म्हणाले चल, चाकणला जाऊन येऊ, मी चालवतो. चौकात पुढं सिग्नलला टेम्पो उभा. मामांनी ब्रेक दाबला, पण क्लच दाबलाच नाही. गाडी हिसका खाऊन बंद पडली, टेम्पोपासून वीतभरावर. मी म्हटलं, मामा काय झालं? तर ते खाली पायाकडं बघत होते. म्हणाले, "मी दाबला रं. मला वाटलं दाबला." त्यांचा डावा पाय क्लचवर नव्हताच, दादा. बाजूला चटईवर होता, आणि त्यांना कळलंच नव्हतं.

शुगर आहे ते तुम्हाला माहीत आहे. डाव्या पावलाची जाणीव गेलीय. उजवा पाय एकदम ठणठणीत आहे. दर रविवारचं काम म्हणजे व्यायामाच्या डॉक्टरांकडं नेणं. मामींना, पोरींना सांगायचं नाही, कारण सांगितलं तर त्या किल्ली काढून घेतील, असं त्यांचं म्हणणं. मला का सांगितलं? सांगितलं नाहीच, मी त्या दिवशी बाजूला बसलेला सापडलो म्हणून. तुम्ही बसला असतात तर तुम्हाला शपथ घातली असती.

डॉक्टर म्हणाले, क्लच नसलेली गाडी चालवायला हरकत नाही. आरटीओचाही कागद झालाय. पण नुसती ऑटोमॅटिक म्हटलं तर मामा ऐकेनात. म्हणाले, "गिअर न टाकता गाडी चालवायची म्हंजे पाळण्यात बसायचं." मग मला त्या कानांचं सुचलं. माझ्या चुलत्यांच्या प्लॉटिंगमध्ये रिकामे रस्ते आहेत, तिथं माझ्या मित्राची तसली गाडी नेली. मामांनी बोटानं दुसरा टाकला, तिसरा टाकला, परत खाली आणला, आणि असे हसले दादा, की मी लग्न झाल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नाही. ती गाडी कुणाला मिरवायची नव्हती. ती त्यांना स्वतः चालवायची होती.

मग तुमचं पत्र आलं. मी म्हटलं, मामा, दादांना खरं सांगून टाका. तर म्हणाले, "मोठ्या जावयाचा शब्द हाय. आन् त्याच्या लाइनचं काम कमी झालंय, आपणच पाठ फिरवली तर त्याला काय वाटंल?" बुकिंगच्या कागदावर सही करताना शोरूमच्या पोराला सांगत होते, "ह्या गिअरबॉक्सवर पिवळी खूण बघा हां, आमच्या जावयाच्या हातची असती." तो बिचारा म्हणतो, काका, ती आत असते, दिसत नाही. तर म्हणे, "मला म्हाईत असलं म्हंजे झालं."

तुम्ही ग्रुपवर जे लिहिलंत त्याचं वाईट वाटलं. पण खरं सांगू? मीही जळतो तुमच्यावर. दर रविवारी जाता-येता दीड तास मी त्यांच्याबरोबर असतो, आणि तो दीड तास ते तुमच्या बॉनेटच्या गोष्टी सांगतात. मला त्या आता पाठ झाल्यात.

तुमचा,
कुलदीप


आकुर्डी
५ जून

कुलदीप,

पत्र वाचून मी खाली पार्किंगमध्ये गेलो. गाडीत बसलो, डावा पाय वर सीटवर दुमडून घेतला आणि पहिला गिअर टाकायला गेलो. पडेना. नुसती खरखर. वॉचमन पळत आला, म्हणाला साहेब, शिकताय काय? मी म्हटलं, हो.

"पाय थकत नसतो" असं मी त्यांना लिहिलंय रे. ते त्यांनी वाचलं आणि वर मला लिहिलं, मागची सीट मऊ हाय. माझीच लाज वाटते.

घरजावयाचं मागं घेतो. ग्रुपवरही लिहितो. नंबर चालू केलाय, पण लगेच फोन करू नको.

आता तू तोंड बंद ठेव. तू मला काही सांगितलंच नाहीस. त्यांनी एवढं लपवलंय, तर ते लपलेलंच राहू दे. माझा शब्द मीच परत घेतो, तो माझा मलाच घेता येईल. कसा ते बघू.

आणि हो, ती बॉनेटची गोष्ट, त्यात ते मी रोज झोपायचो असं सांगत असतील. खोटं आहे. एकदाच झोपलो होतो.

रोहिदास


आकुर्डी
६ जून

ती. स्व. मामांस साष्टांग नमस्कार.

मामा, एक चूक झाली, ती वेळेत सांगतो.

गेले दोन दिवस मी लाइनवर उभा राहून नीट विचार केला. तुम्हाला मी गिअरची गाडी सांगितली ती रागाच्या भरात. आता डोकं ठिकाणावर ठेवून सांगतो, ती घेऊ नका. पुणे-नाशिक रस्त्याला सकाळ-संध्याकाळ काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको. दहा पावलं जायचं की थांबायचं. क्लच दाबून दाबून माणसाचा जीव जातो, वर क्लचप्लेट जळते ती वेगळीच. आणि घरातली गोष्ट म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, आमच्या बॉक्सचा दुसरा गिअर थंडीत जरा रुसतो. मी पिवळी खूण करतो खरा, पण मन खात असतं. एकोणीस वर्षांत हे कुणापुढं बोललो नाही.

कानवालीची मी माहिती काढली. चांगली असते. त्या पेटीतसुद्धा शेवटी दात्यांची चाकंच असतात, आणि तीही कुणीतरी माझ्यासारख्यानंच बसवलेली असतात. बोटानं गिअर टाकायचा म्हणजे कसब लागतं, कुणालाही जमत नाही. तुमच्यासारख्या हातातच ती शोभेल. चालवायची मात्र तुम्हीच. कुलदीपला सांगा, त्याची गाडी त्याला आहे. ड्रायव्हर ठेवलात तर मी बोलणार नाही.

मोठ्या जावयाचा शब्द पाळायचा असेल तर आता हाच शब्द आहे. लगेच जाऊन बुकिंग बदला. एजन्सीवाला कुरकुर करेल, करू दे.

आणि ते ताम्हण मला परत पाहिजे. वाण परत धाडणारा जावई मामींनी जन्मात पाहिला नसेल. अनारसे संपवले असतील तर नुसतं ताम्हण द्या, मी रिकामंच घेऊन मिरवीन. तनुजा पाच दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.

तुमचा,
रोहिदास


आकुर्डी, तुमच्या बिल्डिंगच्या खाली
२१ जून

चि. रोहिदासराव यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तनुजा वर घेऊन येईल. ती आन् मोनिका फाटकात पेढे वाटत हायत.

पाव्हणं, एकोणीस वर्सांत तुमच्या तोंडून तुमच्या गिअरबॉक्सची निंदा मी ऐकली न्हाई. सासूबाईला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, जावईबापूंना ताप आलाय का? दुसरा गिअर रुसतो म्हणे! जो माणूस पोराच्या बारशातबी गिअरबॉक्सचं कौतुक सांगत बसतो, त्यानं हे लिहिलंय म्हंजे कुलदीपरावांनी शपथ मोडली, हे मला तवाच कळलं. त्यांना मी बोललो. तुमाला काही बोलत न्हाई. तुमचं खोटं मला गोड लागलं.

पायाचं पोरींना काल मीच सांगितलं. लई रडल्या. मग किल्ली माझ्याच हातात दिली.

कानवाली आणलीय. कुरुळीपासून इथवर मी चालवत आलो. मोशीच्या उतारावर डावा कान ओढला, गाडी कशी बसली राव खाली! तुमी म्हणता तशी तिला विनंती करावी लागते खरी. पण ह्या वयात मला विनंती करायला काय जातंय?

एकच गोष्ट मनाला लागून हाय. ह्या गाडीत तुमची खूण न्हाई. तवा येताना एक पिवळं पेन घेऊन या. कंपनीचं नको, दुकानातलं आणा. डाव्या कानाच्या मागच्या अंगाला एक ठिपका द्या. बाहेरनं दिसायचा न्हाई, पण गिअर खाली घेताना माझ्या बोटाखाली येईल.

ताम्हण तुमच्या सीटवर ठेवलंय, अनारशांसकट. सासूबाईंनी परत ताजे तळले. तुमची सीट म्हंजे पुढची, माझ्या शेजारची. बसमध्ये बॉनेट होतं, हिला बॉनेट बाहेर हाय, न्हाईतर तिथंच बसवलं असतं.

लवकर या. कुलदीपराव मागं बसलेत, पाण्याच्या जारशेजारी. तोंड फुगवून.

आपला,
सोपानराव